कार्बोरेटर की इंजेक्शन? जुनी स्पोर्ट्स कार घेण्याआधी बोनेटखाली काय बघायचं

जुन्या गाडीच्या जाहिरातीत रंग, टायर, अलॉय, सायलेन्सरचा आवाज सगळं लिहिलेलं असतं. इंजिनाला पेट्रोल कशातून मिळतं, कार्बोरेटरमधून (हवेच्या ओढीने पेट्रोल खेचणारं भांडं) की इंजेक्शनमधून (दाबाने फवारणी), हे मात्र क्वचितच. फोनवर विचारलं तर "एमपीएफआयच आहे की हो", म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळं इंजेक्शन, असं उत्तर मिळतं. मग बोनेट उघडावं तर आत कार्बोरेटर, आणि त्याच्या शेजारी कापून टेप गुंडाळलेल्या सहा-सात वायरी. म्हणजे गाडी मुळात इंजेक्शनची होती, आता नाही. अशी गाडी घ्यायची की नाही हा पुढचा प्रश्न. आधी ती ओळखता आली पाहिजे.

कोल्हापुरात गाडीचा नाद नवा नाही. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते तेव्हा सोनं लुटायला आलेल्या गर्दीतले निम्मे डोळे त्या गाडीवरच असतात. ती १९३६ ची, तिथे प्रश्नच नाही, कार्बोरेटरच. गोंधळ होतो तो १९७० ते २००५ च्या दरम्यानच्या गाड्यांत. नेमक्या ह्याच गाड्या आज शौकिनांना परवडतात.

'स्पोर्ट्स कार' हा शब्द मी इथे सैल वापरतोय. कुणाला दोन दारांची सॅन स्टॉर्म हवी असते, कुणाला एमजीबी किंवा जुनी मर्सिडीज, कुणाला रॅलीसाठी जिप्सी किंवा एस्टीम, तर कुणाला होंडा सिटी व्हीटेक नाहीतर पालिओ जीटीएक्स. तपासणीची रीत सगळ्यांना तीच: टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोलची वाट धरून चालत जायचं, आणि ते हवेत कुठे मिसळतं ती जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. बाकी सगळ्या खुणा दुय्यम.

घरबसल्या: साल, बिल्ला आणि आरसी

आपल्याकडे १ एप्रिल २००० पासून देशभर युरो-१ च्या तोडीचे 'इंडिया २०००' निकष लागू झाले आणि नव्या पेट्रोल मोटारींतून कार्बोरेटर झपाट्याने गेला. त्यामुळे २००१ नंतरची भारतीय पेट्रोल कार बहुधा मुळात इंजेक्शनची, असं धरून चालायला हरकत नाही. त्याआधीच्या दोन-चार वर्षांत एकाच नावाच्या गाड्या दोन्ही प्रकारांत मिळायच्या. मारुती झेन १९९३ ला आली ती कार्बोरेटरची, पुढे तीच एमपीएफआय झाली. एस्टीमचं तेच. जिप्सी किंग १९९६ ला १.३ लिटर इंजिनासह आली ती कार्बोरेटरवर, २००० च्या सुमारास तिला सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन मिळालं. उलट १९९८ ची होंडा सिटी आणि त्याच वर्षीची मित्सुबिशी लान्सर पहिल्यापासून इंजेक्शनच्या. कॉन्टेसा १.८ जीएलएक्स आणि प्रीमियर ११८एनई कार्बोरेटरच्या. सॅन स्टॉर्ममध्ये रेनॉचं १.२ लिटरचं एमपीएफआय इंजिन होतं.

परदेशी गाड्यांत सालावर अजिबात जाऊ नका. मर्सिडीज ३००एसएल १९५४ मध्येच यांत्रिक इंजेक्शन घेऊन आली. तर जर्मनीचीच बीएमडब्ल्यू ३१६ ऐंशीच्या दशकात कार्बोरेटरवर विकली जात होती, आणि तिची बहीण ३१८आय इंजेक्शनवर. डॅटसन २४०झेडला दोन कार्बोरेटर, १९७५ च्या २८०झेडला बॉशचं एल-जेट्रॉनिक इंजेक्शन. पोर्श ९११ मध्ये तर कार्बोरेटर, यांत्रिक इंजेक्शन आणि बॉशचंच के-जेट्रॉनिक (त्याबद्दल पुढे), तिन्ही प्रकार दहा-बारा वर्षांच्या आत सापडतात. माझदा एमएक्स-५ मात्र १९८९ पासून फक्त इंजेक्शन. त्यामुळे कुणी "कार्बवाली मियाटा आहे" (मियाटा म्हणजे हीच एमएक्स-५) म्हणालं तर ती कुणीतरी बदललेली आहे हे बघायच्या आधीच कळतं.

मर्सिडीजच्या आकड्यामागचा ई, बीएमडब्ल्यूमागचा आय, जीटीआयमधला शेवटचा आय, ही इंजेक्शनची अक्षरं. पण बिल्ला डिकीला चिकटवलेला असतो, तो कुणीही चिकटवू शकतो. "नवीन मॉडेल म्हणजे इंजेक्शन" हेही डोक्यातून काढा. दुचाकीवाल्यांना बजाज पल्सर २२० आठवत असेल. २००७ ला ती फ्युएल इंजेक्शन घेऊन आली, २००९ ला कंपनीनेच ती कार्बोरेटरवर आणली आणि किंमत कमी केली.

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख आणि बऱ्याचदा उत्सर्जन निकषही दिसतो. 'भारत स्टेज २' किंवा पुढचा काही लिहिला असेल तर मूळ गाडी इंजेक्शनची. जुन्या एमएच ०९ (कोल्हापूर पासिंग) गाड्यांत तो रकाना पुष्कळदा रिकामा असतो, तेव्हा त्यावर अडून बसू नका. पीयूसीची पावती मात्र मागाच. आपल्याकडे भारत स्टेज २ च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, स्टेज २ आणि ३ साठी ०.५ टक्का. पावतीवर मर्यादा कुठली लावलीय आणि प्रत्यक्ष आकडा किती आलाय, दोन्ही बघा. इंजेक्शनची म्हणून विकत असलेल्या गाडीचा आकडा दोन-अडीच टक्के असेल तर एक तर तिचा सेन्सर मेलाय, नाहीतर ती इंजेक्शनवर चालतच नाहीय.

फोन ठेवायच्या आधी एक विनंती जरूर करा: "दादा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." विकणारे आदरातिथ्य म्हणून इंजिन गरम करून ठेवतात. आपल्याला ते थंडच हवं असतं.

आत बसून: चोक, दिवा, आवाज

बोनेटकडे जायच्या आधी ड्रायव्हर सीटवर बसा. डॅशबोर्डखाली किंवा स्टिअरिंगच्या बाजूला ओढायचा चोक आहे का बघा. असेल तर कार्बोरेटर नक्की होता. नसेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ऑटो चोक असतात, आणि कुणीतरी काढून भोकावर टोपी बसवलेलीही असते. ती टोपी बोटाने चाचपून बघा.

आता किल्ली 'ऑन'वर न्या, स्टार्टर मारू नका. सोबत आलेल्या मित्राला मागच्या सीटजवळ कान लावून बसवा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत टाकीतला पंप दोन-तीन सेकंद 'ऊंऽऽ' असा गुणगुणतो आणि थांबतो, लाइनमध्ये दाब भरला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याला बंद करतो. कार्बोरेटरच्या गाडीत सहसा शांतता, कारण पंप इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा, यांत्रिक. मात्र जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला बाहेरून इलेक्ट्रिक पंप लावण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्याचा आवाज 'टक-टक-टक' असतो, आणि किल्ली चालू असेपर्यंत तो अधूनमधून येत राहतो.

त्याच वेळी डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा पिवळा दिवा बघा. किल्ली ऑन केली की तो लागलाच पाहिजे, आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलाय. ह्याहून चलाख प्रकार म्हणजे त्या दिव्याची वायर ऑइलच्या लाल दिव्याला जोडणं. मग दोन्ही दिवे एकाच क्षणी लागतात आणि एकाच क्षणी विझतात. चांगल्या गाडीत दोघांच्या विझण्यात किंचित मागेपुढे होतंच.

बोनेट उघडल्यावर

फिल्टर बघा. इंजिनाच्या डोक्यावर मोठा गोल चपटा डबा आणि मध्ये पंखांचा नट असेल, तर खाली बहुधा कार्बोरेटर. बाजूला चौकोनी डबा आणि त्यातून जाड रबरी पाइप इंजिनाकडे येत असेल तर बहुधा इंजेक्शन. हे दोन्ही 'बहुधा' आहेत. मालकाची परवानगी घेऊन तो डबा काढा, काढल्याशिवाय निष्कर्ष नको. दहा मिलिमीटरचा पाना आणि छोटी बॅटरी (टॉर्च) खिशात असू द्या. गाडीजवळ सिगारेट ओढणारे काका असतील तर त्यांना आधी लांब पाठवा.

डबा निघाल्यावर आत वाकून बघा. कार्बोरेटरमध्ये हवेच्या वाटेत मधेच अरुंद झालेला गळा दिसतो, वर चोकची पातळ झडप, बाजूला पेट्रोल साठवणारी वाटी. इंजिन बंद असतानाच मित्राला ॲक्सिलरेटर एकदा झटकन दाबायला सांगा आणि गळ्यात बॅटरी मारा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली की शंका संपली: ॲक्सिलरेटर पंप आहे, म्हणजे कार्बोरेटर आहे, आणि वाटीत पेट्रोलही आहे. एकदाच बघा. पुन्हापुन्हा दाबलं तर इंजिन फ्लड होईल, म्हणजे आत पेट्रोल जास्त साठेल, आणि मग थंड स्टार्टची परीक्षा वाया जाईल. एमजी, ट्रायम्फ, जुन्या जॅग्वारच्या एसयू कार्बोरेटरमध्ये ही पिचकारी नसते. तिथे वर उंच गोल डबा असतो, त्याच्या टोपीखाली दांडा आणि तेल. टोपी फिरवून काढा. तेल कोरडं असेल तर पिकअपला गाडी अडखळणार, पण तो पाच मिनिटांचा इलाज आहे, त्यावरून भाव पाडायला जाऊ नका.

इंजेक्शनमध्ये हवेच्या वाटेत नुसती थ्रॉटलची गोल झडप दिसते, तिच्यावर पेट्रोल कुठेच नाही. पेट्रोल पुढे, इनटेक मॅनिफोल्डच्या टोकाला. तिथे प्रत्येक सिलिंडरला एक इंजेक्टर, त्याच्या डोक्यावर दोन पिनांचा कनेक्टर, आणि सगळ्यांना जोडणारी धातूची आडवी नळी, म्हणजे फ्युएल रेल. चार सिलिंडर, चार इंजेक्टर, चार कनेक्टर. प्रत्येकाला बोट लावून मोजा. झडपेच्या दांड्याच्या टोकाला तीन किंवा जास्त वायरींचा सेन्सर आणि सायलेन्सरच्या पहिल्या पाइपात वायर असलेला ऑक्सिजन सेन्सर दिसला की चित्र पुरं होतं.

पाइपही बोलके असतात. कार्बोरेटरला तीन ते पाच पीएसआय दाब पुरतो, म्हणून साधा रबरी पाइप आणि साधी क्लिप. एमपीएफआयच्या लाइनमध्ये साधारण चाळीस ते पन्नास पीएसआय असतो, तिथे जाड पाइप, दाबून बसवलेले किंवा आट्यांचे जोड. पन्नास पीएसआयच्या लाइनवर साधा पाइप आणि साधी क्लिप दिसली तर तिथेच थांबा. तसा पाइप गरम एक्झॉस्टवर सुटला तर गाडी पेटते. आणि इंजेक्शनचा जोड स्वतः कधीही सैल करून बघू नका, इंजिन बंद असलं तरी आत दाब असतो.

परतीच्या पाइपावरून काही ठरवू नका, बऱ्याच कार्बोरेटरच्या गाड्यांतही टाकीकडे जाणारा पाइप असतो. डिस्ट्रिब्युटरवरूनही नाही, सुरुवातीच्या इंजेक्शन गाड्यांतही तो होता.

फसवणारे चार चेहरे

पहिला सिंगल पॉइंट इंजेक्शनचा. वरून गोल फिल्टर, खाली कार्बोरेटरसारखंच भांडं, पण गळ्याच्या वर मध्यभागी एक इंजेक्टर लटकलेला आणि त्याला वायर. १९८२ ते ८४ च्या कॉर्व्हेटमध्ये अशी दोन भांडी शेजारी शेजारी होती. लांबून पाहणारा ट्विन कार्ब समजतो. इथे पिचकारी उडत नाही आणि वायर दिसते, तेवढं पुरे.

दुसरा बॉशचा के-जेट्रॉनिक, १९७३ नंतरच्या पोर्श, मर्सिडीज, ऑडी, फोक्सवॅगनमध्ये भेटणारा. एका धातूच्या गोळ्यातून, म्हणजे फ्युएल डिस्ट्रिब्युटरमधून, प्रत्येक सिलिंडरकडे एकेक बारीक नळी कोळ्याच्या पायांसारखी पसरलेली असते. इंजेक्टरवर वायर नाही, म्हणून मिस्त्री "हे इंजेक्शन नव्हे" म्हणतो. आहे, पण यांत्रिक. इंजिन चालू असताना पेट्रोल अखंड फवारत राहतं, दाब सत्तर पीएसआयच्या आसपास. ही व्यवस्था टिकाऊ आहे, पण गाडी दोन-तीन वर्षं शेडमध्ये उभी राहिली की जुन्या पेट्रोलचा चिकट थर आत बसतो आणि गोळ्यातला प्लंजर अडकतो. दुरुस्ती महाग, जाणकार थोडे. दीर्घकाळ उभी असलेली के-जेट्रॉनिकची गाडी मी तरी चालू झाल्याशिवाय भावाचं बोलणार नाही.

तिसऱ्या चेहऱ्याची गाडी हौशी लोकांनी सजवलेली असते. वेबर साइडड्राफ्ट कार्बोरेटरसारखी दिसणारी थ्रॉटल बॉडी बाजारात मिळते, आत इंजेक्शन, वरून सत्तरच्या दशकाचं रूप. अमेरिकन व्ही-एटसाठी कार्बोरेटरच्याच जागी बसणारं भांडंही मिळतं. इथे पैसे कमी करायचं कारण नाही, फक्त ईसीयू कुठल्या कंपनीचा, त्याचं ट्यूनिंग कुणी केलं आणि त्याची फाइल मिळणार का, हे विचारा. फाइल नसेल तर पुढचा ट्यूनर पुन्हा शून्यापासून सुरू करतो.

चौथ्याला वेगळा परिच्छेद हवा.

इंजेक्शन काढून कार्बोरेटर बसवलेली गाडी

आपल्याकडे हा प्रकार जास्त. ईसीयू मेला, नवा मिळेना किंवा परवडेना, मग कुणीतरी सुचवतो, "कार्ब टाकूया, कटकट मिटली." गाडी चालते. पुढच्या गिऱ्हाइकाला एमपीएफआय म्हणून विकलीही जाते, कारण आरसीवर काहीच बदललेलं नसतं.

खुणा अशा. मॅनिफोल्डवर इंजेक्टरच्या जागी ॲल्युमिनियमच्या गुट्ट्या ठोकलेल्या किंवा एम-सीलने बुजवलेली भोकं. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये लेथवर काढलेली जाड प्लेट. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत अशी प्लेट सुबक बनते, म्हणून सुबकपणावर भाळू नका, मूळ गाडीत ती नव्हती एवढं लक्षात ठेवा. रिकामे लोंबणारे कनेक्टर. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सरच्या जागी बोल्ट. टाकीत इलेक्ट्रिक पंपाची वायर आहे पण पुढे जोडलेली नाही. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर स्वच्छ करणारा डबा) गायब, किंवा असला तरी आतून पोकळ. रबरी हातोडीने हळूच ठोकून आवाज ऐका.

अशी गाडी कधीच घेऊ नये असं नाही. शेतघरावर ठेवायला, ट्रॅकच्या सरावाला स्वस्तात मिळाली तर एक वेळ चालेल. पण रस्त्यावरच्या गाडीला पीयूसीच्या मशीनवर तिच्या मूळ निकषाचीच मर्यादा लागते, आणि स्टेज २-३ ची गाडी असेल तर कन्व्हर्टरशिवाय कार्बोरेटरवर ०.५ टक्का गाठणं जवळजवळ अशक्य. पावती येत असेल तर ती कशी येते हे तुम्हीच ओळखा.

उलटा बदल, म्हणजे कार्बोरेटर काढून इंजेक्शन, नीट केला तर उत्तमच. तिथे एक जागा हमखास राहून जाते, ती म्हणजे टाकी. कार्बोरेटरच्या टाकीत पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारा कप्पा नसतो. टाकी पाव भरलेली असताना घाटाच्या लांब वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि इंजिन क्षणभर मरतं. कार्बोरेटरला तेवढा वेळ वाटीतलं पेट्रोल निभावून नेतं, इंजेक्शनला असा साठा नसतो. सर्ज टँक, म्हणजे पंपासाठी पेट्रोल धरून ठेवणारी छोटी टाकी, लावलाय का हे विचारा, आणि ट्रायल घेताना मुद्दाम टाकी कमी ठेवा.

थंड स्टार्ट

बोनेटवर हात ठेवून इंजिन खरंच थंड आहे ना बघा. इंजेक्शनची निरोगी गाडी ॲक्सिलरेटरला पाय न लावता पहिल्या-दुसऱ्या सेकंदात उठते, स्वतःच थोडी वरच्या आरपीएमवर राहते आणि गरम होईल तशी खाली येते. कार्बोरेटरची गाडी चोक ओढून, एक-दोनदा पाय मारून उठते आणि पहिली दोन मिनिटं कुरकुरते. थोडी कुरकुर हा तिचा स्वभाव आहे, दोष नाही. ऑगस्टच्या पावसाळी सकाळी चोकशिवाय गुळगुळीत उठणारी कार्बोरेटरची गाडी उलट मला संशयास्पद वाटते. एक तर मिश्रण फार घट्ट, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, लावलंय, किंवा तुम्ही यायच्या आधी ती चालू करून ठेवली होती.

गरम झाल्यावर बंद करा, दहा मिनिटं चहा घ्या, पुन्हा चालू करा. एप्रिल-मेच्या उन्हात कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उष्णतेने उकळतं आणि गाडी लवकर उठत नाही. इंजेक्शनच्या गाडीत गरम स्टार्टला बराच वेळ लागत असेल तर लाइनमधला दाब गळतोय: पंपाचा चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा टपकणारा इंजेक्टर.

चालवून बघताना पन्हाळ्याकडे

बायपासवर सरळ पळवून कार्बोरेटर कळत नाही. पन्हाळ्याच्या चढाला न्या, तिसऱ्या गियरमध्ये, कमी आरपीएमवरून हळूहळू पाय दाबत जा. मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) असेल तर मधेच अडखळते, कधी गळ्यातून 'फट्' असा परतीचा आवाज येतो. घट्ट असेल तर ओढते पण जड वाटते, मागे काळा धूर आणि पेट्रोलचा वास. कोल्हापूर आणि पन्हाळा यांच्या उंचीत साधारण चारशे मीटरचा फरक आहे. त्याने कार्बोरेटरचं मिश्रण जरासं घट्ट होतं, पण जाणवण्याइतकं नाही. म्हणून "उंचीमुळे होतंय ते" हे कारण पन्हाळ्यावर ऐकून घेऊ नका.

इंजेक्शनच्या गाडीत चढावर धक्के, किंवा पूर्ण पाय दाबल्यावर दम संपल्यासारखं वाटणं म्हणजे बहुधा फिल्टर किंवा पंप. उतारावर पाय पूर्ण सोडून गियरमध्ये येऊ द्या. चांगलं इंजेक्शन पेट्रोल तोडतं, आवाज स्वच्छ राहतो. सायलेन्सरमधून फटफट ऐकू आली की कार्बोरेटर, किंवा फाटलेलं एक्झॉस्ट गॅस्केट, किंवा कुणाच्या तरी हौसेने 'पॉप' लावलेला ईसीयू.

झीज बघणं

कार्बोरेटरमध्ये सगळ्यात महत्त्वाचा भाग थ्रॉटलचा दांडा. चिमटीत धरून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर तिथून हवा शिरते आणि आयडलिंग कधीच स्थिर होणार नाही, कितीही ट्यूनिंग करा. बुश बसवून दुरुस्त होतं, उद्यमनगरात हे काम जाणणारे आहेत. वाटीच्या सांध्यावर ओल, तळाशी पांढरट भुकटी, स्क्रूच्या घसरलेल्या खाचा हे पुढचं. खाचा घसरल्या असतील तर दहा हातांनी ट्यूनिंग केलंय. दोन्ही बॅरल एकदम उघडणारा वेबर किंवा सोलेक्स असेल तर जेटवरचे (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यांवरचे) आकडे जुळे आहेत का, म्हणजे दोन्ही बॅरलना सारखेच जेट आहेत का, हे मिस्त्रीकडून बघून घ्या.

इंजेक्शनमध्ये दोन चाचण्यांवर पैसे घाला: लाइनला गेज लावून दाब, आणि स्कॅनर. सोळा पिनांचं सॉकेट जुन्या गाड्यांत नसेलही, आपल्याकडे ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्सची सक्ती २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या बऱ्याच जपानी गाड्यांत दोन पिना जोडल्या की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. हे जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनला माहीत असतं, तरुण स्कॅनरवाल्याला नसतं.

पुराचं पाणी

कोल्हापुरात गाडी घेताना ही तपासणी सोडू नका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी ज्या पार्किंगमध्ये शिरलं, तिथल्या गाड्या आज बाजारात फिरतायत. बुडालेला कार्बोरेटर उघडून, धुऊन, नवी किट टाकून पुन्हा उभा राहतो. ईसीयूचं तसं नाही. बऱ्याच गाड्यांत तो डावीकडच्या प्रवाशाच्या पायाजवळच्या पॅनेलमागे असतो, म्हणजे गुडघाभर पाण्यातच तो बुडतो. वाळवल्यावर चालतो, आणि पुढे कधीतरी पावसाळ्यात अचानक दगा देतो. पॅनेल काढून कनेक्टर सोडवा. पिनांवर हिरवट थर, पॅनेलच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ, सीटच्या रेल्सवर एका रेषेपर्यंतच गंज, यातली एकही खूण दिसली तर इंजेक्शनच्या गाडीला नाही म्हणा. कार्बोरेटरच्या गाडीला भाव पाडून विचार करता येतो, बॉडीचा गंज बघून.

इथेनॉलचं पेट्रोल

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना फायदा, पण जुन्या गाडीला जपावं लागतं. निव्वळ पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे १३.५ पट. म्हणजे जेट तेच ठेवून पंपावरचं आजचं पेट्रोल भरलं की कार्बोरेटरचं मिश्रण पातळ होतं. ऑक्सिजन सेन्सरची इंजेक्शन गाडी हा फरक स्वतःच भरून काढते. कार्बोरेटरला जेट एक-दोन नंबरने मोठे करावे लागतात. के-जेट्रॉनिक आणि सेन्सर नसलेली जुनी इंजेक्शनही ह्याच गटात. विकणाऱ्याला विचारा की जेट बदललेत का. "तसलं काय करावं लागत नाही" असं उत्तर आलं तर एक स्पार्क प्लग काढून बघा. टोक पांढरंफटक असेल तर इंजिन पातळ मिश्रणावर तापतंय.

रबराचा प्रश्न दोघांनाही आहे. जुने पाइप, डायफ्रॅम, ओ-रिंग इथेनॉलने फुगतात, चिरतात. गाडी कुठलीही घ्या, टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे पाइप बदलण्याचा खर्च किमतीत आधीच धरा.

भाव आणि कागद

माझं मत विचाराल तर, रोज चालवायची असेल तर कारखान्याचं, न छेडलेलं एमपीएफआय घ्या. रविवारी सकाळी जोतिबाला जाऊन यायचं आणि दुपारी स्वतः पाना हातात घ्यायचा असेल तर कार्बोरेटर. मुळात कार्बोरेटरची असलेली एमजीबी कार्बोरेटरसकट जास्त मोलाची, आणि मुळात इंजेक्शनची २८०झेड इंजेक्शनसकट. मधली, अर्धी तोडलेली गाडी घ्यायची असेल तर तिला मूळ स्थितीत आणण्याचा खर्च, म्हणजे ईसीयू, वायरिंग, पंप, सेन्सर, कन्व्हर्टर, आधी लिहून काढा आणि तो पूर्ण वजा करून मगच आकडा बोला. त्यातले किती भाग मिळतात हेही आधीच विचारून ठेवा.

इंजिन नंबर आरसीशी जुळवा. एमपीएफआय 'करून घेतलेल्या' गाड्यांत बऱ्याचदा दुसऱ्या गाडीचं अख्खं इंजिन असतं, आणि त्याला आरटीओची मंजुरी व आरसीवर नोंद लागते. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची नोंदणी नूतन केलीय का, पर्यावरण कर भरलाय का, नूतनीकरणाला किती दिवस उरलेत हे बघा. ते दर पाच वर्षांनी येतं आणि त्या वेळी गाडी तपासणीला न्यावी लागते.

टोकन देताना कागदावर एक ओळ वाढवून घ्या: काढलेले सगळे मूळ भाग गाडीसोबत मिळतील. जुना ईसीयू, इंजेक्टरची रेल, नाहीतर मूळ कार्बोरेटर पुष्कळदा विकणाऱ्याच्या माळ्यावर पोत्यात पडलेला असतो. व्यवहाराच्या दिवशी मागितला तर तो हसत काढून देतो. महिन्याने फोन केला तर तो भंगारात गेलेला असतो.